आधुनिक वैद्यकाचे मूल्यमापन: काही समीक्षात्मक विचार

आधुनिक वैद्यकाविषयी धर्मगुरूंनी मत द्यावे की देऊ नये, हा वाद आता निरर्थक झाला आहे. आपण देऊ म्हटले किंवा न देऊ म्हटले तरी मत आपणाकडे मागितले जाते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असलेला मुलगा जेव्हा विचारतो, "फादर, यंत्र काढा म्हटले तर आम्हांला पाप लागेल का?" तेव्हा त्याला डॉक्टरांकडे बोट दाखवून चालत नाही, कारण बहुधा डॉक्टरांनीच निर्णय त्याच्यावर सोपवून त्याला आपणाकडे पाठविलेले असते. धर्मशिक्षकांचा अनुभवही याहून वेगळा नसावा. घरी प्रार्थनेस गेल्यावर त्यांच्या हाती शुभवर्तमानाआधी तपासणीचा अहवाल ठेवला जातो.

गौलीगुड्यात ही गोष्ट विशेष जाणवते. एका अंगाला मुसी नदीतले महात्मा गांधी बसस्थानक, दुसऱ्या अंगाला अफजलगंजचे उस्मानिया रुग्णालय. या भागात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबे आहेत आणि नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर इकडून औषधोपचारासाठी हैदराबादेस येणाऱ्यांची वाटही येथूनच जाते. त्यांच्या हातातील पिशवीत क्ष-किरण चित्रे, सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे अहवाल असतात. त्यांतला एकही कागद बहुतेकांना वाचता येत नाही. परंतु तो एखाद्या पवित्र अवशेषासारखा जपला जातो.

या श्रद्धेच्या नेमकी उलट वृत्तीही आपल्याच लोकांत आढळते. आरोग्यदानाच्या प्रार्थनासभेतून परतलेला मधुमेही इन्शुलिन बंद करतो आणि त्यास विश्वासाचे कृत्य मानतो. वरवर पाहता या दोन वृत्ती परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोन्हींत विचार करण्याचे काम दुसऱ्यावर टाकलेले असते: एकीत यंत्रावर, दुसरीत चमत्कारावर.

सुशिक्षित धर्मगुरुवर्गात तिसरी एक वृत्ती आहे व तिचे मूळ बहुधा इव्हान इलिच यांच्या ग्रंथात सापडते. इलिच १९५१ साली धर्मगुरू झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाचे कार्य सोडले. त्यांचा 'मेडिकल नेमेसिस' हा ग्रंथ १९७५ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकव्यवस्था हीच आरोग्यास मोठा धोका होऊन बसली आहे, असा त्यांचा दावा. ही हानी त्यांनी तीन पातळ्यांवर दाखविली: उपचाराने शरीरास होणारा अपाय, समाजास जडणारे वैद्यकाचे परावलंबन, आणि दुःख व मृत्यू यांना सामोरे जाण्याची माणसाची परंपरागत शक्ती नष्ट होणे. सेमिनरीच्या ग्रंथालयातून हा ग्रंथ वाचलेली आमची पिढी वैद्यकाविषयी थोडी तुच्छतेने बोलू लागली. ही तुच्छता कितपत टिकते ते पाहणे, हा या लेखाचा एक हेतू होय.

प्रथम उपकार. देवी या रोगाचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. १९२२ साली टोरांटो येथे इन्शुलिन प्रथम टोचले गेले आणि त्याआधी निश्चित मृत्यूच्या छायेत असलेली मुले जगू लागली. येथून फार लांब नाही अशा बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. मृत्युमान घटण्याचे श्रेय औषधांपेक्षा अन्न, पाणी व निवारा यांना अधिक आहे, हा इलिच यांचा युक्तिवाद समाजाच्या इतिहासास पुष्कळ अंशी लागू पडतो. पण क्षयाने खोकणारा आपला धर्मग्रामवासी म्हणजे समाजाचा इतिहास नव्हे. त्याला गोळ्याच हव्यात, आणि त्या सहा महिने न चुकता घेतल्या पाहिजेत.

रॉस यांचे उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिवतापावर कोयनेल आधीच ज्ञात होते. सूक्ष्मदर्शकातून जे दिसले त्याचे खरे मोल असे की पुढे काय करावयाचे ते बदलले: डबकी बुजवावयाची, मच्छरदाणी लावावयाची. कोणत्याही निदानाची पहिली कसोटी आमच्या मते हीच. उत्तर कळल्यावर आपण काही निराळे करणार आहोत काय?

दुसरी कसोटी शिकविणारी घटना अगदी आमच्या शेजारची, अफजलगंज येथील आहे व ती थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे.

१८४७ साली सिम्प्सन यांनी एडिंबरो येथे क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. प्रसूतीच्या वेदना शमविणे हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाच्या विरुद्ध आहे, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. देवाने आदामाची फासळी काढण्यापूर्वी त्याला गाढ निद्रा आणली, याकडे सिम्प्सन यांनी बोट दाखविले. शस्त्रवैद्याने शास्त्रपठणात आपल्यावर मात करावी, असा प्रसंग धर्मवेत्त्यांवर क्वचितच आला असेल. असो. क्लोरोफॉर्मने वेदना थांबली, तथापि अधूनमधून निरोगी तरुण माणसेही मेजावर एकाएकी मरू लागली. हृदय थांबते की श्वास थांबतो, यावर वैद्यांत दोन तट पडले.

हैदराबादच्या वैद्यक विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे दुसऱ्या तटाचे कट्टर अनुयायी होते. १८८८ साली त्यांनी येथे पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमविले. जनावरांवर प्रयोग झाले व निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, म्हणून वैद्याने केवळ श्वासाकडे लक्ष द्यावे, नाडीकडे पाहण्याची गरज नाही. 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकपत्राने शंका घेताच, त्या पत्राने आपला तज्ज्ञ पाठवावा म्हणून निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले. त्याप्रमाणे १८८९ साली लॉडर ब्रन्टन आले. येताना ते लॉरींच्या विरुद्ध मताचे होते. दुसऱ्या कमिशनने पुन्हा शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले आणि ब्रन्टन यांचे मत पालटले. लॉरी जिंकले.

आणि तरीही ते चुकले होते. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की धोका गाढ भुलीत नसून हलक्या भुलीत अधिक असतो. अर्धवट भूल चढलेल्या अवस्थेत भीतीने वा वेदनेने शरीरात जो स्राव सुटतो त्याने हृदय थरथरू लागते व बंद पडते. हैदराबादेत प्राण्यांना भूल मुख्यत्वे गाढ दिली गेली, मात्रा वाढवीत नेऊन मृत्यू कसा येतो ते पाहिले गेले. तशा स्थितीत श्वासच आधी थांबणार. प्रयोग प्रामाणिक होते, मोजमाप अचूक होते, खर्चात कसूर नव्हती. परंतु मेजावरचा मृत्यू ज्या अवस्थेत घडत होता ती अवस्था प्रयोगात जवळजवळ आलीच नाही.

या प्रकरणास हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. श्वासावर डोळा ठेवण्याचा लॉरींचा आग्रह स्वतःपुरता हिताचाच होता. चूक 'केवळ' या शब्दात होती. खरे असलेले अर्धे सत्य जेव्हा पूर्ण म्हणून शिकविले जाते तेव्हा दुसऱ्या अर्ध्याकडे पाहणेच बंद होते. हे आपल्या व्यवसायातही घडत नाही असे नाही. (ज्या रुग्णालयाशी हे सारे निगडित होते ते १९०८ च्या मुसीच्या महापुरात नष्ट झाले. आवारातील चिंचेच्या झाडावर चढून कित्येकांनी प्राण वाचविले, ते झाड मात्र राहिले.)

आता चाचण्यांकडे वळू. धर्मग्रामाच्या सणाला आरोग्य-शिबिर भरविण्याची प्रथा सर्वत्र रूढ होत आहे. खासगी रुग्णालये आनंदाने येतात, विनामूल्य चाचण्या करतात आणि दोष आढळलेल्यांना पुढील तपासणीची चिठ्ठी देतात. यात वाईट काय, असे विचारले जाईल. उत्तर गणितात आहे, व ते धर्मशिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावे. समजा, एखादा रोग दहा हजार निरोगी दिसणाऱ्यांपैकी दहा जणांना आहे. चाचणी त्या दहांपैकी नऊ जणांना ओळखते आणि निरोगी माणसांपैकी शंभरात पाच जणांना चुकून रोगी ठरविते. अशी चाचणी कोणीही चांगलीच म्हणेल. परंतु उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्वद निरोगी माणसांतील पाच टक्के म्हणजे सुमारे पाचशे माणसे घाबरून घरी जातील आणि त्यांच्यात खरे रोगी केवळ नऊ असतील. यंत्राने काहीही खोटे सांगितलेले नाही. ज्याला लक्षणेच नाहीत त्याच्यावर ते चालविले गेले, एवढेच.

याहून सूक्ष्म धोका दक्षिण कोरियात दिसला. तेथे गळ्याच्या सोनोग्राफीचा प्रसार झाला आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाची नोंद सुमारे पंधरा पटीने वाढली. त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंची संख्या मात्र होती तेथेच राहिली. जो रोग त्या माणसास आयुष्यात कधी कळलाही नसता तो शोधून काढून ग्रंथी कापली गेली व जन्मभराची गोळी मागे लागली. येथे निदान बरोबर होते, शस्त्रक्रियाही नीट झाली, आणि तरी पुष्कळांचे अकल्याण झाले.

याचा अर्थ निरोगी माणसांची चाचणी करूच नये असा नव्हे. पूर्वीच्या निजामी मुलखातील उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता धाराशिव आहे, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठा अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या गावांचे चार गट पाडले गेले. तीन गटांना निरनिराळी चाचणी एकदाच दिली गेली. चौथ्या गटास नेहमीची सेवा, म्हणजे चाचणी कोठे मिळू शकेल याची माहिती. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट आकाराने साधारण सारखे. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या स्वस्त पद्धतीने मात्र या जिल्ह्यात मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. त्याच पद्धतीने मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तेथे ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली गेली होती. बहुधा फरक तेथेच असावा. एखादी चाचणी 'चांगली' की 'वाईट' असे सरसकट म्हणता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

परंतु धर्मगुरूला आकड्यांपाशी थांबता येत नाही. चौथ्या गटातील त्या चौसष्ट स्त्रियांचे काय? या अभ्यासांवर पुढे टीकाकारांनी हाच आक्षेप घेतला. रोग टाळता येण्यासारखा आहे हे संशोधकांस ठाऊक असता एका गटास चाचणी न देता केवळ मोजणे हे न्याय्य होते काय? उत्तर दिले गेले की त्या जिल्ह्यात एरव्हीही कोणालाच चाचणी मिळत नव्हती. हे उत्तर खरे आहे आणि आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. मराठवाड्यातील शेतमजूर स्त्रीला एरव्ही काही मिळत नाही, ही गोष्ट तिच्यावरील अन्यायाचा पुरावा होय. ती अभ्यासाच्या आराखड्याचा आधार कशी ठरावी? या अभ्यासाने पुढील अनेकींचे प्राण वाचतील, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांच्या मृत्यूने हे ज्ञान सिद्ध झाले त्यांचे ऋण कोणाच्या खाती लिहिलेले आढळत नाही.

त्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, उलट प्रकार घडला. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची २०१९ साली शासनाच्या समितीमार्फत पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळी आली म्हणजे खाडा, खाडा म्हणजे मुकादमाचा दंड. आणि 'पिशवी काढून टाका, नाहीतर कर्करोग होईल' असे सांगणारे डॉक्टर. इलिच यांनी वर्णिलेली पहिली हानी यापेक्षा स्पष्ट कोठे दिसेल? फक्त येथे दोषी वैद्यकशास्त्र नव्हे. शास्त्राने त्या शस्त्रक्रियेस अनुज्ञा दिलीच नव्हती. मुकादम, उचल आणि भीती यांनी शास्त्राचे हत्यार वापरले.

शुभवर्तमानकारांना हा विषय अपरिचित नव्हता. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या स्त्रीची कथा सांगताना मार्क मुद्दाम नमूद करतो की अनेक वैद्यांच्या हातून तिला पुष्कळ सोसावे लागले, जवळचे सर्व खर्च झाले आणि गुण न येता दुखणे वाढले. लूकच्या कथनात वैद्यांवरचा हा ठपका बराच सौम्य झाला आहे. लूक स्वतः वैद्य होता ही परंपरा लक्षात घेता, व्यवसायबंधूंविषयीचा संकोच तेव्हाही होता असे म्हणावयास हरकत नाही! दुसरीकडे बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, औषधी भूमीतून देवानेच उत्पन्न केल्या असे म्हणतो, आणि प्रार्थना व वैद्य या दोहोंकडे एकाच आजारात जावयास सांगतो. आपल्या प्रवचनांतून मार्कची कथा वारंवार येते. बेन सिराचा हा अध्याय आम्ही फारच क्वचित ऐकला आहे.

इलिच यांच्याशी आमचा खरा मतभेद तिसऱ्या मुद्द्यावर आहे. वेदना सोसण्याची कला संस्कृती शिकवीत असे, वैद्यकाने ती हिरावून घेतली, असे ते म्हणतात. स्वतः ते आपल्या मताशी प्रामाणिक राहिले. चेहऱ्यावरील गाठीवर त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही आणि २००२ साली मृत्यू येईपर्यंत ती वागविली. त्याबद्दल आदर वाटतो. पण जी गोष्ट एखाद्याने स्वतःसाठी निवडली ती दुसऱ्यावर लादणे निराळे. आपल्या देशात कर्करोगाच्या रुग्णांना वेदना सोसाव्या लागल्या त्या सांस्कृतिक सामर्थ्यामुळे नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली. हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेत वेदनाशमनाची सेवा आहे. तेथे जाऊन आल्यावर वेदनेच्या उदात्ततेविषयी मोकळेपणी बोलणे कठीण होते. बाराव्या पायस पोपमहोदयांनी फेब्रुवारी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते की वेदना शमविणे हाच हेतू असेल व दुसरा उपाय नसेल, तर त्या औषधाने आयुष्य काहीसे उणावण्याचा संभव असला तरी ते देणे धर्म्य आहे. हे आपल्या लोकांस अद्याप कोणी सांगितलेले नाही. मॉर्फिन म्हणजे अखेर, अशी समजूत धरून घरचे लोकच ते नाकारतात.

वैद्यकाची अधिक चांगली समीक्षा इलिच यांच्या ग्रंथाआधी पाच वर्षे जामखेडला सुरू झाली होती. रजनीकांत व मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभिले आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांवरील उपाय शिकविले. १९७९ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांनी वैद्यक टाकले नाही. कोणत्या कामास डॉक्टर लागतो व कोणत्या कामास लागत नाही, हे त्यांनी वेगळे करून दाखविले.

शेवटी त्या दारातल्या मुलाचा प्रश्न. तो नवीन नाही. सोळाव्या शतकात सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी असा विचार मांडला की कोंबडी व तित्तिराचे मांस खाल्ल्याने आयुष्य वाढेल असे वैद्याने सांगितले तरी, साध्या अन्नावर जगणाऱ्या माणसाने ते विकत घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. १५९५ साली बान्येझ यांनी यास 'सामान्य' व 'असामान्य' उपाय अशी नावे दिली. नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप पायस यांनी श्वसनयंत्रासंबंधी हाच नियम लावला, आणि १९८० साली रोमच्या धर्मसिद्धांतविषयक परिषदेने उपाय व अपेक्षित फळ यांचे प्रमाण पाहावे असे सांगितले. यंत्र जुने की नवे, हा निकष नाहीच. तेच श्वसनयंत्र न्यूमोनियातून उठू शकणाऱ्या तरुणाला सामान्य उपाय आहे व सर्व अवयव निकामी झालेल्या वृद्धाला असामान्य. ओझे किती, याचा निर्णय प्रथम रुग्णाचा. आणि त्या ओझ्यात कुटुंबाचा खर्चही धरावयाचा असतो, हे शिकविण्यास आपण संकोचतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता ते दोन साक्षीदारांसमोर व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. हेतुपुरस्सर प्राण घेणे आणि निष्फळ उपाय थांबविणे यांतील भेद ख्रिस्तसभेने शतकानुशतके जपला आहे. अन्न-पाणी देण्याविषयी तिची शिकवण न्यायालयापेक्षा अधिक कडक आहे, हेही इच्छापत्र लिहिणाऱ्यास सांगितले पाहिजे.

तेव्हा त्या मुलास उत्तर असे: वडिलांना उठण्याची आशा उरली नसेल, यंत्र केवळ मरण लांबवीत असेल आणि तसे न करण्याची त्यांची इच्छा असेल, तर यंत्र थांबविण्यात पाप नाही. त्यांना टाकून जाण्यात मात्र आहे. यंत्र निघाल्यावर करावयाचे असे पुष्कळ उरते: वेदनाशमन, तैलाभ्यंग, तोंड ओले करणे, हात धरून बसणे. आपल्या धर्मग्रामांचे गरीबनिधी बहुधा रुग्णालयातील अनामत रकमेसाठी उघडतात. घरी अंथरुणावर असलेल्याच्या महिनाभराच्या शुश्रूषेसाठी, किंवा मॉर्फिन आणावयास एम. एन. जे. पर्यंत जाण्याच्या रिक्षाभाड्यासाठी ते उघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. निधीच्या नियमांत तेवढे एक कलम घालण्यास महागुरूंच्या परवानगीची गरज पडू नये.